उलटी बाजू

मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
शालिकराम पराते यांना आम्ही शाल पांघरली.
कल्पना ठवकर सरांची.
नारळ माझ्याकडे होता.
धंतोलीतल्या त्या हॉलचा कूलर इतका खडखडत होता
की माईकवरचं प्रत्येक विशेषण
अर्धं भिजूनच खुर्च्यांपर्यंत यायचं.

समोर एकतीस माणसं. मी मोजली.
त्यांतली चार कादंबऱ्या लिहिणारी, म्हणजे आम्हीच.
बाकीची गोळीबार चौकातली, त्यांच्या गल्लीतली,
ज्यांनी त्यांचं एक पानही वाचलं नव्हतं
पण ज्यांचे बाप त्या पानांत राहायला होते.

ठवकर सर म्हणाले, "युगप्रवर्तक."
मेश्रामबाईंनी हातातला कागद दुमडला, आणि खरं सांगितलं:
"माझ्या दुसऱ्या कादंबरीतली म्हातारी
दिवा विझवताना वातीची माफी मागते.
ती मी यांच्याकडून उचलली.
यांची म्हातारी माग थांबवताना
मागाला म्हणते, येते बापा."
आर्वीहून आलेला अंकुश एवढंच बोलला
की 'आणि' हा शब्द कुठे लिहायचा नाही
ते तो यांच्या पुस्तकांत शिकला.
कोणीतरी टाळी वाजवली. एकच.

माझी पाळी आली तेव्हा
मी लिहून आणलेलं वाचलं.
चांगलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं,
जे सांगायचं होतं तेही नव्हतं.

ते हे होतं:
एकोणीस वर्षांपूर्वी, इतवारीत,
शेंगदाण्याच्या ठोक दुकानामागच्या जिन्याखाली,
जिथे ते दिवसभर लोकांचे हिशेब उतरवून देत,
मी माझं पहिलं बाड त्यांच्या हातात ठेवलं.
महिन्याने गेले. त्यांनी चहा मागवला,
अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला.
"वाचलं," म्हणाले, "बरं उतरलं.
पण पोरी, गाठी काहून लपवून राह्यली तू?
धागा तं सगळ्याइचाच तुटते.
लुगडं उलटं करून पाह्यलं का कधी?
विणणारा माणूस तिकडं असते."

घरी येऊन रडले. मग राग आला.
मग रात्री उशिरा एकशे बारावं पान फाडलं,
जिथे नायिकेचा भाऊ
फुटाळ्याच्या पायरीवरून घसरतो,
आणि नव्याने लिहिलं
की पायरी कोरडी होती.

त्या पानाचं फार कौतुक झालं.
पुरस्कार, पुण्याला जायचं-यायचं भाडं,
"हे तुम्हाला सुचलं कसं?"
मी कधीच जिन्याचं नाव घेतलं नाही.

आता अध्यक्ष म्हणाले, सत्कारमूर्तींनी दोन शब्द.
ते उठले. शाल काढली.
आम्हाला वाटलं, उकाडा.
त्यांनी ती उलटी केली, चष्मा कपाळावर ढकलला,
आणि एकच अंगठा काठाकाठाने चालवत नेला,
सावकाश, माईक विसरून.
"पावरलूमची आहे," म्हणाले.
"पण हे पाहा, इथं धागा गेला होता.
कोणीतरी रातपाळीत हातानं गाठ मारली.
कोन हाय ठाऊक नाही.
भेटला तं माझा नमस्कार सांगजा."
आणि खाली बसले.

लोक हसले. ठवकर सर जरा नाराज दिसले.
मग तर्री-पोहे, कागदी प्लेटी, फोटो,
फोटोसाठी पुन्हा शाल.

मी त्यांना ऑटोने घरी सोडलं.
अग्रसेन चौकात सिग्नल लागला, नव्वद सेकंदांचा.
ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं.
बासष्ट असताना मी म्हटलं,
"ते एकशे बारावं पान तुमचं आहे."
ते समोरच्या आकड्यांकडे पाहत राहिले.
एकोणपन्नास. सत्तेचाळीस.
माझ्या मांडीवरच्या नारळात पाणी हललं.
"नाही," म्हणाले.
"भाऊ तं तुहाच होता."